एका क्रमांकामागची अनेक शास्त्रं
इंदूरच्या खजराना गणेश मंदिराच्या गर्दीत मूल एकटं सापडलं, तर १०९८ या मुलांसाठीच्या मोफत मदत क्रमांकावर फोन करावा. ही सेवा १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून सुरू झाली.

अशा मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांत बालकल्याण समितीपुढे आणावं लागतं. पण प्रश्न तिथे संपत नाही. वैद्यक जखम ओळखतं, मानसशास्त्र भीती, समाजशास्त्र घर सुटण्याचं कारण, तर कायदा हक्क. या चारही क्षेत्रांच्या नोंदी एकत्र अभ्यासल्या, तरच घरी परतलेलं मूल पुन्हा का निघून जातं आणि मदत कुठे तोकडी पडते, हे कळतं. अठरा वर्षं पूर्ण होऊन बालगृहाबाहेर पडणाऱ्या तरुणांसाठीही असाच एकत्रित अभ्यास हवा.