बावीस मिनिटांची तूट



आमच्या खात्यात एक तक्ता असतो. पहिल्या रकान्यात लक्ष्यांक, दुसऱ्यात साध्य, तिसऱ्यात टक्केवारी आणि अगदी कडेला एक अरुंद रकाना, ‘शेरा’. बी. एस्सी. (ॲग्री.) होऊन नोकरीला लागल्यापासून तीस वर्षे मी हा तक्ता भरीत आलो आहे. एकरी इतके क्विंटल ठरले, इतके निघाले. कमी निघाले तर का कमी निघाले, हे त्या शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्दांत कोंबायचे. शेतकऱ्याने वर्षभर काय सोसले, ते तिथे मावत नाही.

गेल्या वर्षी याच तक्त्यात मी स्वतः सापडलो. लक्ष्यांक साडेचार तास, साध्य चार तास बावन्न मिनिटे. ही गोष्ट पिकाची नाही, धावण्याची आहे. तरीपण तुमच्या घरात वाचली जावी अशी आहे, म्हणून लिहितो.

घोडबंदर रोडची पहाट

मी ठाण्याला घोडबंदर रोडवर वाघबीळच्या बाजूला राहतो. माजिवड्याहून निघालेला हा रस्ता कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा करीत गायमुखाला जातो आणि तिथून चढ चढून पुढे अहमदाबादच्या महामार्गाला मिळतो. एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. पूर्वी इथे भाताची खाचरे होती. आता उंच इमारती आणि मेट्रोचे खांब उभे आहेत.

२०२३ साली डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवून सांगितले, “चालायला लागा.” मी चालू लागलो. चालता चालता धावू लागलो. पहाटे साडेचारला निघायचे, सेवारस्त्याच्या कडेने गायमुखापर्यंत जायचे आणि परत यायचे. सुरुवातीला दोन दिव्यांच्या खांबांमधले अंतर धावले की धाप लागे. पुढे हळूहळू दम वाढला आणि डोक्यात आले की मुंबईची मॅरेथॉन धावावी. साडेचार तासांत पुरी करावी. वय चौपन्न. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये एवढे अंतर धावले गेले आणि १९२१ साली तेच कायम ठरले. साडेचार तासांत ते कापायचे तर प्रत्येक किलोमीटर सुमारे सहा मिनिटे चोवीस सेकंदांत व्हायला हवा. हा हिशेब मी डायरीत लिहून ठेवला होता. कागदावर तो चोख होता. कागदावरचा हिशेब चोखच असतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

पुतण्याचे सात सेकंद

आता एक गोष्ट कबूल करायची आहे. ती केल्याशिवाय पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

माझा पुतण्या गावाकडे राहतो. २०२४ च्या पावसाळ्यात तो पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला उतरला. मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८०० मीटर, आणि लागलेल्या वेळेवर गुण मिळतात. तुमच्यापैकी कितीतरी घरांत आज अशी एखादी पोर किंवा पोरगा पहाटे उठून बांधावरून, पाझर तलावाच्या भरावावरून धावत असेल. आमच्या पोराचा गुणांचा वरचा टप्पा सात सेकंदांनी हुकला आणि पुढे यादीत दोन गुणांनी नाव राहिले.

मैदानावरून त्याने पहिला फोन मला केला. “काका, धावणं झालं.” मी विचारले, “वेळ किती?” त्याने सांगितली. मी म्हणालो, “सात सेकंद! एवढंही जमू नये? वर्षभर केलंस काय मग?”

फोन तिकडून बंद झाला. त्यानंतर दिवाळीपर्यंत तो माझ्याशी धड बोलला नाही. मी घरी गेलो की गोठ्याकडे निघून जायचा. मला वाटे, पोरगे तोंडाळ झाले आहे. चूक माझी आहे हे मनातही आले नाही.

सगळे खत एकदम

१९ जानेवारी २०२५ ला, रविवारी पहाटे पाच वाजता, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी हजारो लोकांत मी उभा होतो. हवेत गारवा होता. पाय हलके वाटत होते. सुटलो तो सुटलोच. पहिले दहा किलोमीटर ६४ मिनिटांत करायचे ठरले होते, ते मी ५९ मिनिटांत केले. मनात म्हटले, पाच मिनिटे गाठीला बांधली. निम्मे अंतर दोन तास आठ मिनिटांत झाले. तिथे सात मिनिटे पुढे होतो.

वाचकहो, मी तुम्हांला तीस वर्षे काय सांगत आलो? भाताला नत्र एकदम देऊ नका, हप्त्यांनी द्या: काही लावणीला, काही फुटव्यांच्या वेळी, काही लोंबी धरताना. एकदम दिले तर पीक आधी हिरवेगार दिसते, मग लोळते. आणि मी स्वतः मात्र सगळे खत पहिल्या पंधरा किलोमीटरांत ओतून मोकळा झालो होतो.

याचे शास्त्र सोपे आहे. आपण खाल्लेल्या भात-भाकरीची साखर स्नायूंत आणि यकृतात साठते. हा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅमचा. त्यातून सोळाशे ते दोन हजार कॅलरी मिळतात. माणूस एक किलोमीटर धावला की त्याच्या वजनाच्या दर किलोला सुमारे एक कॅलरी खर्च होते. माझे वजन ६५ किलो, म्हणजे ४२ किलोमीटरला सत्तावीसशेच्या वर. साठा पुरत नाही. उरलेली भर शरीर चरबीतून घालते, पण चरबी संथ जळते. जितके जोरात धावावे तितकी साखर अधिक वेगाने संपते. म्हणून पुष्कळांचे पाय तिसाव्या किलोमीटरच्या आसपास एकाएकी जड होतात. भरल्या गाडीचा बैल चढावर थांबतो, तसे.

माझेही तसेच झाले. तिसाव्या किलोमीटरपर्यंत तीन तास आठ मिनिटे लागली होती. गाठीच्या सात मिनिटांतली तीन गेली होती. पुढे ऊन चढले. मुंबईची हवा दमट, त्यामुळे घाम अंगावरच राहतो, वाळत नाही. आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. पेडर रोडचा चढ आला तेव्हा मी धावत नव्हतो, चालत होतो. पोटऱ्यांत गोळे येत होते. शेवटच्या बारा किलोमीटरांना १०४ मिनिटे लागली. पहिले अर्धे अंतर दोन तास आठ मिनिटांत आणि दुसरे अर्धे दोन तास चव्वेचाळीस मिनिटांत. एकूण चार तास बावन्न मिनिटे. तूट बावीस मिनिटांची.

गळ्यात पदक पडले. मी कडेला बसलो आणि खरे सांगतो, डोळ्यांत पाणी आले. सव्वा वर्षाच्या पहाटा डोळ्यांपुढे आल्या. तेवढ्यात फोन वाजला. पुतण्याचा होता.

मी तयारीत होतो. आता विचारील, वेळ किती. आपणही सात सेकंदांचा हिशेब काढला होताच. पण पोरगा म्हणाला, “काका, पाय कसे आहेत? काही खाल्लंत का?”

मला बोलवेना. वेळेचा प्रश्न त्याने केलाच नाही. मीच सांगितले, “बावीस मिनिटं हुकली रे.” तो म्हणाला, “असू द्या. पुरी केलीत ना?” आणि मग, थोडे थांबून, “मला ठाऊक आहे कसं वाटतं ते.”

मोठ्यांचेही घड्याळ चुकते

घरी आल्यावर मी जुन्या नोंदी वाचू लागलो. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी शर्यती झाल्या. तिथे अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० साली आपला संघ बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिंपिकला गेला. त्या संघातून बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. वेळ दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंद, क्रमांक एकोणिसावा. जिंकणारा फिनलंडचा कोलेहमाइनेन त्यांच्या अठरा मिनिटे आधी पोहोचला होता. आपलेच सदाशिव दातार त्या शर्यतीत उतरले, पण ती पुरी करू शकले नाहीत. शंभर वर्षे उलटली तरी दोघांचीही नावे आपण घेतो.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत तुम्हांला ठाऊक आहेच. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत तिने मॅरेथॉनचे सुवर्णपदक दोन तास अडतीस मिनिटे अडतीस सेकंदांत जिंकले. सहा महिन्यांनी रिओच्या ऑलिंपिकमध्ये तिला दोन तास एकोणसाठ मिनिटे एकोणतीस सेकंद लागले आणि क्रमांक १२० वा आला. तीच मुलगी, तेच पाय, तीच मेहनत. तूट मात्र वीस मिनिटांवर.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर त्याच रिओत तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत प्राथमिक फेरीला नऊ मिनिटे १९.७६ सेकंदांत धावली. तो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम ठरला. दोनच दिवसांनी अंतिम फेरीत तिला नऊ मिनिटे २२.७४ सेकंद लागले आणि ती दहावी आली. एका दिवसाचे घड्याळ म्हणजे माणसाची किंमत नव्हे. आपणही एका हंगामाच्या उताऱ्यावरून जमिनीला नापीक ठरवीत नाही.

घरात धावणारे पोर असेल तर

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, सराव हळूहळू वाढवावा. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. रोज रोज घड्याळ लावून जिवाच्या आकांताने धावल्याने वेग वाढत नाही, नडगी आणि गुडघे मात्र दुखू लागतात. बरेचसे धावणे बोलता येईल इतक्या सावकाश असावे. जोराचे धावणे आठवड्यातून एक-दोनदाच. डांबरापेक्षा मातीची सपाट वाट पायांना बरी.

दुसरी गोष्ट, उपाशीपोटी लांब धावू नये. आधी एखादे केळे किंवा गुळाचा खडा घ्यावा. धावून आल्यावर अर्ध्या तासात भाकरी, उसळ, दूध, शेंगदाणे, जे घरात असेल ते पोटभर द्यावे. मुलगी भरतीची तयारी करीत असेल तर तिच्या ताटात मुलाइतकेच वाढावे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ घरांत तसे होत नाही.

तिसरी गोष्ट, घाम पुष्कळ गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट प्यावे. नुसते पाणी भरमसाट पिणेही बरे नव्हे, त्याने रक्तातले मीठ उतरते.

चौथी गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींसाठी. चाळिशीनंतर धावायला लागण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्या. छातीत कळ आली, भोवळ आली, तर तिथेच थांबा. शर्यत दरवर्षी येते.

आणि शर्यतीच्या दिवशी सुरुवात ठरलेल्या वेगाने, किंबहुना थोडी मागेच ठेवून करावी. पहिल्या भागात वाचवलेला दम शेवटी व्याजासह परत मिळतो. पहिल्या भागात उधळलेला दम शेवटी सावकारासारखा दारात उभा राहतो.

शेऱ्याचा रकाना

पुढच्याच रविवारी मी गावी गेलो. पुतण्या गोठ्यात होता. म्हटले, “सात सेकंदांचं मी जे बोललो, ते बोलायला नको होतं.” तो काही बोलला नाही. वैरण टाकून झाल्यावर म्हणाला, “उद्या पहाटे येता का तलावावर?” आम्ही गेलो. माझ्या पायांत अजून गोळे होते. तो माझ्यासाठी सावकाश धावला.

तो पुन्हा तयारी करतो आहे. यादीत नाव लागेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. मीही घोडबंदर रोडवर पुन्हा धावू लागलो आहे. गायमुखापर्यंत जातो, पण पहिल्या दोन किलोमीटरांत आता घड्याळाकडे बघत नाही.

तुमच्या घरातले पोर परीक्षेहून, भरतीहून किंवा बाजारातून पडत्या भावाने माल विकून परत येईल, तेव्हा आकडा त्याला ठाऊक असतोच. तो तुम्ही विचारायची गरज नसते. आधी विचारा, पाय कसे आहेत, जेवलास का. आकड्याचे बोलणे भाकरीनंतरही होते.

यंदा तक्ता भरताना एका शेतकऱ्याच्या नावापुढे साध्य लक्ष्यांकापेक्षा कमी होते. शेऱ्याच्या रकान्यात मी नेहमीसारखे ‘उद्दिष्ट अपूर्ण’ लिहिणार होतो. मग थांबलो आणि बारीक अक्षरात लिहिले, ‘दोनदा पाऊस हुकला, दुबार पेरणी केली, शेत पडीक ठेवले नाही.’ रकाना अपुरा पडला, म्हणून समासात लिहिले.