हिरव्या ठिपक्यापलीकडे

बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका घटक शाकाहारी असल्याची ग्वाही देतो. पिठासोबत नकळत आलेल्या जीवांविषयी तो मौन पाळतो. प्रयोगशाळेत नमुना सौम्य आम्लात शिजवून त्यात खनिज तेल मिसळतात. कीटकांचे तुकडे व उंदरांचे केस तेलासह वर येतात. ते गाळणकागदावर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या निकषांनुसार गव्हाच्या ५० ग्रॅम पिठात सरासरी ७५ कीटक-तुकडे किंवा उंदराचा १ केस आढळल्यास कारवाई होऊ शकते. त्याहून कमी ते क्षम्य! जैन मनाला मात्र ही गणती पुरत नाही. चाचणी दोष दाखवते, गेलेला जीव परत आणत नाही. म्हणून व्यापाऱ्याची जयणा गोदामातच सुरू व्हावी: कोरडी जागा, बुजवलेल्या फटी आणि आधी आलेला माल आधी बाहेर.