पळसाच्या फुलात दडलंय काय?

होळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातले टिपेश्वर अभयारण्य, पैनगंगेकाठचे सागवानी पट्टे पळसाने केशरी होतात. या फुलांचा रंग आयसोब्युट्रिनसारख्या फ्लेव्होनॉइड गटातल्या संयुगांमुळे येतो. औषधी वनस्पतीत अशी कोणती संयुगे आहेत, याची पहिली चाळणी म्हणजे रासायनिक प्राथमिक तपासणी.

आधी झाडाची शास्त्रीय ओळख पक्की करावी लागते; इथे चूक झाली की पुढचे सगळे काम फुकट. मग फुले सावलीत वाळवून भुकटी करतात. उन्हात नाजूक घटक बिघडू शकतात. भुकटीचा अर्क पेट्रोलियम ईथर, क्लोरोफॉर्म, मेथॅनॉल, पाणी अशा क्रमाने काढतात, कारण मेण-तेल एकात विरघळते, रंगद्रव्य दुसऱ्यात.

पुढचा खेळ परीक्षानळीतला. ड्रॅगेनडॉर्फ द्रावणाने नारिंगी साका बसला तर अल्कलॉइड असण्याची शक्यता. अडुळशातले व्हॅसिसिन याच गटातले. फेरिक क्लोराइडने निळसर काळा रंग आला तर टॅनिन. हिरडा त्याने भरलेला असतो. पाण्यात हलवून टिकाऊ फेस आला तर सॅपोनिन. रिठ्याने केस धुणाऱ्या आजीबाईंनी ही चाचणी कधीच केलेली असते.

जंतूंवरचा परिणाम पाहण्यासाठी जिवाणू पसरलेल्या बशीत अर्क घालून ती उबवतात आणि अर्काभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. मात्र बशीतले वर्तुळ म्हणजे औषध नव्हे. शुद्ध संयुग वेगळे करणे, विषारीपणा तपासणे, माणसांवरील चाचण्या हे सारे बाकीच असते. तोवर पळसाचा अर्क घरी काढून पिऊ नये.