कावेरीचा समर स्पेशल : गळ, गरमी आणि महासीर

ट्रेकिंग झालं, राफ्टिंग झालं, स्कूबाचं सर्टिफिकेटही भिंतीवर लागलं. आता वीकेंडच्या यादीत गळ आलाय! पण दक्षिणेतल्या या नदीवर भर उन्हाळ्यात निघायचं, तर मासा कुठे बसतो यापेक्षा मोठा एक प्रश्न सोबत न्यावा लागतो.

'फिशिंग' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? धरणाच्या भिंतीवर डुलक्या काढणारे एक काका, डोक्यावर टोपी, बाजूला गांडुळांचा डबा. ही इमेज आधी डिलीट करा. बंगळुरूच्या आयटीवाल्यांना विचारा. त्यांच्यातले कित्येक जण शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉपच्या बॅगेशेजारी रॉड टाकून कावेरीच्या दिशेने सुटतात. त्यात आपली मराठी मंडळीही आली. पुण्या-मुंबईहून तिकडे शिफ्ट झालेली, दोन-तीन वर्षांत कन्नडमध्ये भाजीवाल्याशी घासाघीस करायला शिकलेली.

मलाही अशाच दोन मित्रांनी ओढून नेलं. २०१९चा एप्रिल होता. मास कॉमचा शेवटचा पेपर टाकून मी बंगळुरूला पोचले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही म्हैसूरमार्गे कोडगूच्या रस्त्याला लागलो. कुशालनगरच्या आसपास, संरक्षित जंगलाच्या बाहेरचा एक पट्टा, रीतसर परवाना, आणि सोबत तिथलाच एक गाईड. आम्ही त्याला 'अण्णा' म्हणायचो. बोलणं मोजकंच, पण नदी त्याला तोंडपाठ.

हीरो नंबर वन

या सगळ्या खटाटोपाचा हीरो म्हणजे महासीर. कार्पच्या कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा भाऊबंद. पण अंगात रग अशी, की गळाला लागल्यावर पहिल्याच धावेत शंभर मीटर दोरा पळवून नेईल. त्याच्या जबड्यात दात नसतात. ते असतात घशात! खेकडे आणि शिंपले तो तिथे भरडून खातो. गळ गिळला तर तोही वाकवतो, म्हणून इथे हलका गळ चालत नाही.

कावेरी खोऱ्यात जो महासीर होतो, त्याच्या पाठीला डोक्यामागे चक्क वशिंड असतं आणि पर नारिंगी. इंग्रजांनी त्याच्या मागे जीव टाकला. हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे आख्खं पुस्तकच भारतातल्या मासेमारीवर लिहिलं. पुढे म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६च्या मार्चमध्ये कबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा महासीर काढला. हा रेकॉर्ड आजही सांगितला जातो. लक्षात घ्या, महिना मार्च. म्हणजे उन्हाळाच!

स्वातंत्र्यानंतर बाहेरच्या जगाला वाटलं, हा मासा संपला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तीन इंग्लिश तरुण इथे आले आणि त्यांनी तो पुन्हा शोधून दाखवला. मग भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमाकळी इथले फिशिंग कॅम्प जगभर गाजले. नियम एकच : मासा पकडा, वजन करा, सोडून द्या. यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे एके काळी नदीत सुरुंग टाकून मासे मारणाऱ्यांतल्याच काहींना कॅम्पनी गाईडची नोकरी दिली. मासा जिवंत राहिला तर पगार चालू राहणार, एवढं साधं गणित!

उन्हाळ्यात नदी आकसते

आता सीझनचं बोलू. कावेरीवर गळवाल्यांचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि पावसाच्या आधी संपतो. शेवटचा टप्पा मार्च ते मेचा. पाणी कमी, काचेसारखं स्वच्छ. नदी पसरट वाहायची थांबते आणि डोह, खळाळ, डोह अशी साखळी बनते. खडक उघडे पडतात, त्यामुळे नवशिक्यालाही मासा कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. हा झाला फायदा.

तोटा असा, की तुम्हाला मासा दिसत असेल, तर त्यालाही तुम्ही दिसता. शिवाय पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो. शाळेतलं केमिस्ट्री आठवा : २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. महासीर हा वाहत्या, ऑक्सिजनवाल्या पाण्याचा मासा. त्यामुळे दुपारी तो एक तर खोल डोहाच्या तळाशी, खडकाच्या सावलीत पडून राहतो, नाही तर खळाळाच्या तोंडाशी, जिथे पाणी फेसाळत डोहात उतरतं, तिथे श्वास घ्यायला येतो.

एप्रिलमध्ये कोडगूत वळवाच्या सरी पडतात. कॉफीवाले त्यांची देवासारखी वाट बघतात, कारण त्या सरींवर कॉफी फुलते. गळवालेही बघतात! एक चांगली सर झाली की पाणी जरा चढतं, गढूळतं, काठावरचे किडे वाहून येतात आणि सुस्तावलेला मासा खायला निघतो.

अण्णाचे फंडे

पहिल्या दिवशी आमचा स्कोअर शून्य. दुसऱ्या दिवशी अण्णाने आमच्या रंगीबेरंगी आर्टिफिशियल आमिषांचा डबा बाजूला ठेवला आणि नाचणी काढली. होय, आपली नाचणीच! पीठ शिजवून घट्ट मळायचं, लिंबाएवढा गोळा करायचा, त्यात गळ लपवायचा. मोठ्या माशासाठी गोळाही मोठा. गोळा खळाळाच्या कडेने सोडायचा आणि वाहत वाहत डोहात उतरू द्यायचा. वजनासाठी दोऱ्याला शिशाची तार गुंडाळायची. ती खडकांत अडकली तर ओढून सुटते, आख्खा दोरा तुटत नाही.

मग टायमिंग. उजाडण्याआधी अर्धा तास काठावर हजर, आणि नऊला गाशा गुंडाळायचा. परत यायचं ते साडेचारनंतर, सावल्या लांबल्यावर. मधल्या वेळात? झोपा, वाचा, कॉफी प्या. कामाचे ईमेल बघू नका, तसंही रेंज नसते.

कपडे मातकट. पांढरा टी-शर्ट घातलेल्या माझ्या मित्राला अण्णाने परत पाठवून शर्ट बदलायला लावला. चालणं हळू, कारण दगडावर आपटलेल्या बुटाचा आवाज पाण्यात लांबवर जातो. सूर्य समोर ठेवायचा, म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाही. आणि नदीत पोहायचं नाही म्हणजे नाही! कावेरीत मगरी आहेत आणि खडकांमध्ये भोवरे आहेत. धरणाखालच्या पट्ट्यात पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते. मधल्या खडकावर ऐटीत बसलेला माणूस तिथेच अडकतो.

आणि आता ट्विस्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून गेल्यावर मित्राच्या रॉडने असा हिसका दिला, की तो पुढच्या दगडावर गुडघे टेकून बसला. दहा मिनिटांनी मासा काठाशी आला. दोनेक किलोंचा, चंदेरी, परांवर निळसर झाक. आम्ही आरडाओरडा करणार, तेवढ्यात अण्णा म्हणाला, "हा तुमच्याकडचा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. नव्हता करत. निळ्या परांच्या महासीराचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. कर्नल साइक्स यांनी १८३९मध्ये त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशावरून. होय, आपली तीच मुळा-मुठा, जिच्या पुलावरून आपण नाक दाबून गाडी पळवतो! पुढे हा मासा वाचवायला टाटा पॉवरने लोणावळ्याच्या वळवण धरणाजवळ हॅचरी काढली. सत्तरच्या दशकापासून तिथे लाखोंनी पिल्लं तयार झाली आणि देशभरच्या धरणांत, नद्यांत गेली. कावेरीतही गेली. हेतू चांगलाच होता. मासा कमी झालाय ना, मग सोडा पिल्लं. पण कावेरीचा स्वतःचा महासीर वेगळा आहे, हे तेव्हा कुणी तपासलं नव्हतं.

गंमत म्हणजे हे उघडकीला आलं ते गळवाल्यांच्याच वह्यांतून. गालिबोरे कॅम्पवर १९९८ ते २०१२ या काळात प्रत्येक माशाची नोंद होत होती. २३ हजारांहून जास्त तासांची मासेमारी, ६ हजारांहून जास्त मासे. संशोधकांनी हा हिशोब मांडला, तेव्हा दिसलं की निळ्या परांचे मासे वाढत गेले आणि वशिंडवाले कमी होत गेले. जे वशिंडवाले मिळत होते, त्यांचं सरासरी वजन मात्र वाढत होतं. ऐकायला मस्त वाटतं ना? अर्थ उलटा आहे. म्हातारे उरले होते, पिल्लं येतच नव्हती. जिथे नवीन भरती बंद आहे, अशा ऑफिसची कल्पना करा.

याहून मोठा धक्का म्हणजे जगभर फोटो छापून आलेल्या या माशाला धड शास्त्रीय नावच नव्हतं. २०१८मध्ये सिद्ध झालं की तो 'टॉर रेमादेवी', म्हणजे २००७मध्ये केरळच्या पांबार नदीतून नोंदवलेली प्रजात. त्याच वर्षी तो जागतिक रेड लिस्टमध्ये 'अतिसंकटग्रस्त' म्हणून गेला. वाघाच्याही एक पायरी खाली! निळ्या परांचा आपला भिडू मात्र धोक्याच्या यादीतून बाहेर पडला.

मग जायचं की नाही?

त्याआधी कायदा. संरक्षित अभयारण्यांतली मासेमारी आता बंद आहे. भीमेश्वरी, गालिबोरेला जाता येतं, पण पक्षी, हत्ती आणि पाणमांजरं बघायला, गळ टाकायला नाही. यावर गळवाल्यांचं एक म्हणणं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही : काठावर माणसं असली की सुरुंगवाले येत नाहीत, वह्या भरल्या जातात, गाईडला पगार मिळतो. समोरच्या बाजूचं म्हणणंही खरं आहे. जो मासा शेवटच्या घटका मोजतोय, त्याला करमणुकीसाठी ओढून काढायचं कशाला?

मला स्वतःला याचं उत्तर त्या दोन किलोंच्या माशाने दिलं. मित्राला फोटो हवा होता. मांडीवर मासा, मागे नदी, प्रोफाइल पिक्चर तयार! अण्णाने मासा पाण्याबाहेर काढूच दिला नाही. ओल्या हातांनी गळ सोडवला, माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला धरून ठेवलं. मला वाटलं होतं, सोडल्यासोबत पळेल. पळाला नाही. कलला. कल्ले जोरात उघडमीट करत होते. अण्णा कमरेएवढ्या पाण्यात उभा, एक शब्द नाही. आम्ही तिघंही गप्प. बऱ्याच वेळाने शेपटीने एक फटका मारला आणि तो डोहात उतरला. तेव्हा साडेसातही वाजले नव्हते. दुपारच्या तापलेल्या पाण्यात हाच खेळ झाला असता, तर 'पकडा आणि सोडा' यातलं 'सोडा' नुसतं नावालाच उरलं असतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. परवानगी असलेल्या पट्ट्यात, पहाटे, एक-दोन मासे, बस्स. भर मेमध्ये, पाणी आटून डोह डबक्यासारखे झाले असतील, तर रॉड गाडीतच ठेवायचा. आणि वशिंडवाला चुकून लागलाच, तर सेल्फी नको. कॅम्पच्या वहीत नोंद करा आणि संशोधकांना कळवा. त्या नोंदीची किंमत तुमच्या शंभर लाइक्सपेक्षा जास्त आहे.

जाताय? मग हे वाचाच!

• पट्टा कुठला आणि परवाना कोणाचा, हे निघण्याआधी वनखात्याकडे आणि मत्स्यखात्याकडे विचारा. नियम बदलत असतात.

• गळ काट्याशिवायचा घ्या. काटा असेल तर पक्कडीने चेपा.

• दोरा जाड ठेवा. बारीक दोऱ्यावर मासा जास्त वेळ झुंजतो आणि दमून मरतो.

• मासा पाण्याबाहेर काढलाच, तर स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला गुदमरायला लागलं की त्याची वेळ संपली.

• हात ओले हवेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला बुरशी लागते.

• वळीव बरसायला लागला की पाण्यातून बाहेर या आणि रॉड खाली ठेवा. कार्बन फायबरची उभी काठी विजेला आवडते.

• लांब जायचं नसेल, तर महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडला जा. देवीचे मासे म्हणून गावाने तिथले महासीर पिढ्यान्‌पिढ्या राखलेत. गळ घरी ठेवा, कुरमुरे न्या.