पॉन्टून बोट निवडताना: सोफे नंतर बघा, आधी नळ्या बघा

कानात हेडफोन असेल तर ऐका, नसेल तर हा भाग खाली लिहून दिलाय, निवांत वाचा. आजचा विषय मागच्या उन्हाळ्यात माझ्याच घरी निघाला. मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं, आणि दहा एकरांहून मोठी तळी खरोखर मोजली तर ती ११,८४२ भरतात. त्यामुळे उन्हाळा आला की ऑफिसातला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, 'बोट घेतलीस का?'

आई-बाबा सांगलीहून आले होते. ताई, दाजी आणि सहा वर्षांचा भाचाही आला. मी, बायको आणि ही मंडळी धरून सात जण. म्हटलं, मिनेटोंका तळ्यावर पॉन्टून बोट भाड्याने घेऊ, आवडली तर पुढच्या वर्षी विकतच घेऊ.

धक्क्यावर आईने पहिलाच प्रश्न केला, "अरे, हिच्यात माणसं किती बसतात?" मी म्हटलं, "आई, दहा सीट आहेत." ती गप्प झाली. ती का गप्प झाली ते मला नंतर कळलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली होती. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. सांगलीच्या माणसाला बोट म्हटलं की आधी तेच आठवतं. आणि मी तिला सीटांचा आकडा सांगत होतो!

पॉन्टून म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर दोन लांब, बंद, पोकळ अॅल्युमिनियमच्या नळ्या, त्यांच्यावर सपाट फळी, फळीवर सोफे, भोवती कठडा आणि मागे इंजिन. तरंगणारी गच्चीच म्हणा. या बोटीचा जन्मही मिनेसोटातलाच. १९५१ च्या सुमारास रिचमंड गावच्या अॅम्ब्रोस वीरेस नावाच्या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन नळ्या केल्या, वर लाकडी फळी टाकली आणि ती तळ्यात सोडली. साध्या होडीपेक्षा रुंद, त्यामुळे कमी डुलते. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही धक्क्यावरून सरळ चालत आत जाता येतं. माझ्या बाबांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

नळीचं गणित

आता जरा बी.टेक. बाहेर काढतो. आर्किमिडीज शाळेत शिकलोय आपण: वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढं वजन पाणी उचलून धरतं. समजा नळी २० फूट लांब आणि २५ इंच व्यासाची आहे. पूर्ण बुडाली तर ती सुमारे १,९०० किलो वजन पेलेल. दोन नळ्यांचे झाले ३,८००. पण नळ्या पूर्ण बुडवून कोणी बोट चालवत नाही. ढोबळ मानाने निम्म्या पाण्यात, निम्म्या वर असं धरू. म्हणजे हातात उरले १,९०० किलो.

त्यातून बोटीचं स्वतःचं वजन साधारण १,००० किलो, आणि इंजिन व पेट्रोल मिळून अडीचशे किलो वजा करा. राहिले साडेसहाशे. ८० किलोचा एक माणूस धरला तर आठ जण.

आता तीच नळी २५ ऐवजी २३ इंचांची घ्या. सोफे तेवढेच, रंग तोच, दुकानात फरक दिसणारही नाही. पण उचलायची ताकद जवळजवळ तीनशे किलोंनी कमी होते. दोन इंचांत तीनहून जास्त माणसं गेली! म्हणून दुकानात गेलात की सोफ्यावर बसून बघण्याआधी खाली वाका आणि नळीचा व्यास विचारा.

हे गणित फक्त समजण्यासाठी आहे. शेवटचा शब्द बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीचा. तिच्यावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ '१० माणसं किंवा १,४०० पौंड'. यातला 'किंवा' महत्त्वाचा. जो आकडा आधी भरेल तिथे थांबायचं. १,४०० पौंड म्हणजे ६३५ किलो, म्हणजे माणशी साडेत्रेसष्ट. आमच्या दाजींना हा हिशोब लागू होत नाही!

आमचं काय झालं

सात जण, पाटीच्या मर्यादेत. सगळं ठीक चाललं होतं. मग फोटोसाठी पाच जण पुढच्या टोकाला गेले. मी वेगात होतो, आणि "थांब, फोटो काढू" ऐकून इंजिनाचा दांडा एकदम मागे ओढला. बोटीचं नाक खाली गेलं, मागून आमचीच लाट आली आणि पुढून पाणी थेट फळीवर चढलं. आईची साडी गुडघ्यापर्यंत भिजली, भाचा घसरून कठड्याला आपटला. लाइफ जॅकेट होतं, लागलं नाही. पण दोन मिनिटं कोणीच बोललं नाही.

चूक शंभर टक्के माझी. एकूण वजन बरोबर होतं, वजनाची जागा चुकली होती. त्यात मी वेग हळूहळू कमी करायला हवा होता.

मग निवडायची कशी?

दोन नळ्या की तीन? शांत तळं, पाच-सहा माणसं, हळू फेरफटका, डबा खायचा आणि परत यायचं, एवढंच असेल तर दोन पुरतात. तळं मोठं, वारा आणि इतर बोटींच्या लाटा जास्त, किंवा मुलांना मागे हवेच्या ट्यूबवर ओढायचं असेल, तर तीन नळ्या घ्या. महाग पडते, पण वजनही जास्त पेलते आणि वळताना कमी कलते.

इंजिन: २२ फुटी दोन नळ्यांच्या बोटीला ९० ते ११५ हॉर्सपॉवर पुरे. ४० मध्ये बोट चालते, पण भरलेली बोट वाऱ्याविरुद्ध नेताना जीव मेटाकुटीला येतो.

गाडी: बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून दीड टनाच्या पुढे सहज जातं. आपली गाडी तेवढं ओढते का, ते आधी गाडीच्या पुस्तिकेत बघा.

आपली माणसं: कठड्याचं दार लहान मुलाला उघडता येतं का? पाण्यातून वर यायची शिडी आजी-आजोबांना जमेल का? सावलीचं छत आहे ना? बोट चालू असताना कठड्याबाहेर पुढे कोणीही बसायचं नाही. तिथून पडलेला माणूस थेट बोटीखाली जातो, आणि मागे पंखा फिरत असतो.

नियम: मिनेसोटात प्रत्येकासाठी अंगात घालायचं लाइफ जॅकेट बोटीवर हवंच, आणि चालत्या बोटीत दहा वर्षांखालच्या मुलाने ते घातलेलंच हवं. बोट चालवण्याचा परवानाही १ जुलै २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा होतोय. २०२८ पर्यंत ३० जून १९८७ नंतर जन्मलेले सगळे त्यात येतील. म्हणजे मीसुद्धा.

घेतली का मग?

नाही. इथे तळी हिवाळ्यात गोठतात. बोट वापरायची जेमतेम पाच महिने, आणि उरलेले सात महिने ठेवायच्या जागेचं भाडं भरायचं. उन्हाळ्यात चार-पाच वेळाच जाणार असाल तर भाड्याची बोट परवडते. दर वेळी वेगळी बोट मागा, म्हणजे आपल्याला काय हवंय ते कळतं.

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. या वेळी तीन नळ्यांची बोट घेतली. मी आईला पाटी वाचून दाखवली, सगळ्यांची वजनं फोनमध्ये मांडली, बेरीज केली. आई म्हणाली, "हां, आता बसते." आणि मधल्या सोफ्यावर जाऊन बसली.

तुम्ही कोणत्याही बोटीत बसाल, कोयनेच्या, पवनेच्या किंवा इथल्या, हा एक प्रश्न नक्की विचारा: किती माणसं, आणि किती वजन? भेटूया पुढच्या भागात!