नवी बॅटरी घेण्याआधी

हॉर्न घोगरा झाला, इंडिकेटर मिणमिणू लागले की जुन्या मोटरसायकलच्या मालकाला पहिला सल्ला मिळतो: बॅटरी गेली, नवी टाका. नवी टाकली की थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच रडगाणे. कारण बॅटरी वीज फक्त साठवते. ती तयार होते क्रँकच्या टोकाला, चुंबकाचा रोटर आणि स्टेटर कॉइल यांच्यामध्ये. कॉइलमधून निघालेल्या एसीचा डीसी करून, व्होल्टेज आवरून बॅटरीपर्यंत पाठवायचे काम आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटचे. या वाटेवर कुठेही खोट आली तरी मरते ती बॅटरीच.

म्हणून आधी काही शे रुपयांचा मल्टीमीटर घ्यावा. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवली तर १२.६च्या आसपास दिसायला हवे. १२ दिसले तर ती जवळपास रिकामी आहे. मग इंजिन सुरू करून रेस द्यायची: १३.५ ते १४.५ व्होल्ट आले तर चार्जिंग ठीक. आकडा हललाच नाही तर वीज पोचत नाही. १५च्या वर गेला तर आरआर युनिट बिघडले आहे आणि बॅटरीतले पाणी उकळून उडते आहे.

‘किकला सुरू होते, म्हणजे चार्जिंग उत्तम’ हा समज फार पसरलेला आहे. आरएक्स १००सारख्या गाडीत ठिणगी पाडणाऱ्या सीडीआय युनिटला वीज मिळते ती मॅग्नेटोतल्या वेगळ्या कॉइलमधून, त्यामुळे बॅटरी ठार मेली तरी गाडी पळते. पॉइंटवाल्या जुन्या बुलेटमध्ये मात्र ठिणगी बॅटरीच्या जोरावर पडते, म्हणून तिथे बॅटरी उतरली की किक मारून पाय दुखतो.

बुलेटवाल्यांना अँमीटरचीही उगाच काळजी लागते. काटा शून्याजवळ आला की चार्जिंग बंद पडले, असे ते धरतात. हा मीटर बॅटरीत वीज शिरते की बाहेर जाते एवढेच दाखवतो. बॅटरी भरली, दिव्यांचा खर्चही भागला, की काटा मध्ये स्थिरावणारच. किकनंतर थोडा वेळ प्लसकडे जाऊन मग मध्ये येणारा काटा ही चांगली खूण आहे. धावत्या गाडीत तो सतत मायनसकडे राहिला तर मात्र थांबून तपासावे.

सर्वांत घातक सवय म्हणजे चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून पाहणे. ‘गाडी बंद पडली नाही, म्हणजे चार्जिंग येते’ असा त्यामागचा हिशेब. बॅटरी सुटताच व्होल्टेज एकदम उसळू शकते आणि धडधाकट आरआर युनिट किंवा बल्ब त्यात जातात.

कॉइलवर आळ घेण्याआधी कपलर उघडून पाहा. कोकणातल्या पावसाळ्यांतून गेलेल्या गाडीत हिरवट गंजलेली किंवा तापून तपकिरी पडलेली पिन हमखास सापडते, आणि ती साफ केल्यावर निम्मी प्रकरणे तिथेच मिटतात असे मला वाटते. चेसिसवरची अर्थिंगही खरवडून घट्ट करावी. एवढ्यानेही भागले नाही तर स्टेटर. तीन पिवळ्या वायरी असतील तर त्या सोडवून, इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोडीत एसी व्होल्टेज मोजा. तिन्ही आकडे सारखे हवेत आणि रेसबरोबर वाढायला हवेत. इंजिन बंद करून यातली एखादी वायर चेसिसशी जुळलेली दिसली तर कॉइल जळाली. पण अनेक छोट्या सिंगल फेज गाड्यांत कॉइलचे एक टोक मुळातच अर्थला जोडलेले असते, तिथे ही चाचणी चांगल्या कॉइललाही दोषी ठरवते. वायरिंगचा नकाशा आधी मिळवावा.

आणि पाणी कमी झाले म्हणून बॅटरीत ॲसिड ओतू नका. उडते ते पाणीच. डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत घालावे, बस.