भाकरीला डाळीची जोड : वनस्पतिजन्य आहार आणि प्रथिने

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एक प्रसंग आहे. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उपाशीपोटीच तथागतांचा उपदेश ऐकायला आला. त्याची वाट पाहत तथागत मौन बसून होते. त्यांनी त्याला आधी जेवू घालण्यास सांगितले आणि तो जेवल्यावरच धम्म सांगितला. भुकेसारखा दुसरा रोग नाही, हा या प्रसंगाचा बोध होय. म्हणूनच स्मरणिकेत आहारावर चार शब्द लिहिले तर ते अप्रस्तुत ठरणार नाहीत, असे आम्हांस वाटते.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात आपली अनेक कुटुंबे मांसाहार बंद ठेवतात. काही उपासक-उपासिका तो कायमचा सोडतात. अलीकडे तर शिकणारी काही मुले-मुली दूध, दही आणि तूपही घेत नाहीत. शहरात याला व्हीगन आहार म्हणतात. त्यामागील करुणेची भावना आदरास पात्र आहे. परंतु वर्षावासाच्या दुसऱ्या महिन्यात काही भगिनींच्या तोंडून 'चक्कर येते', 'पायात बळ राहिले नाही' असे ऐकू येते, तेव्हा ताटातून काय गेले याचा विचार झाला, पण त्याच्या जागी काय आले याचा झाला नाही, हे लक्षात येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मांसाहार करणाऱ्याला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. भिक्षूंवर मांसाहारबंदीची सक्ती करावी ही देवदत्ताची मागणी तथागतांनी मान्य केली नव्हती. परमपूज्य बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. शिवाय सर्वांच्या बाबतीत हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या हत्येवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातील स्वस्त मांस गेले. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यजीवनावर शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात सविस्तर लिहिले आहे. जिज्ञासूंनी ते जरूर वाचावे. सारांश, कोणी व्रत म्हणून मांस सोडले असो वा परिस्थितीने ते सुटले असो, त्यातून मिळणारी प्रथिने भरून काढावीच लागतात.

प्रथिने म्हणजे प्रोटीन. स्नायू, रक्त, केस, त्वचा यांच्या बांधणीला आणि रोगाशी झुंजण्याला ती लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. मात्र ज्यांचा आहार मुख्यतः धान्याचा आहे, त्यांनी किलोमागे १ ग्रॅम धरावे. म्हणजे ५५ किलो वजनाच्या विद्यार्थ्याला रोज साधारण ५५ ग्रॅम हवीत. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत स्त्रीला नेहमीपेक्षा आणखी २२ ग्रॅम लागतात.

आता आपल्या नेहमीच्या ताटाचा हिशेब मांडू. दिवसाला पाच भाकऱ्या धरल्या तर सुमारे ३०० ग्रॅम ज्वारीचे पीठ होते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे ३० ग्रॅम जमा झाली. पाच माणसांच्या घरात मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम तुरीची डाळ शिजवून तिचे पातळ वरण केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १० ग्रॅम डाळ येते. त्यातून प्रथिने मिळतात जेमतेम २ ग्रॅम. वांग्याच्या भाजीने त्यात फारशी भर पडत नाही. एकूण बेरीज ३२-३३ ग्रॅमच्या आसपास. गरज ५५ ची. ही तूट रोज साचत जाते. पोट भरलेले असते, म्हणून ती कळत नाही, एवढेच.

दुसरी अडचण प्रतीची आहे. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते आणि ज्वारीत तर फारच कमी. डाळींत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. ते धान्यात असते. म्हणून भाकरी आणि डाळ एकत्र आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. दोन्ही एकाच घासात हवीत असे नाही, दिवसभरात पोटात गेली तरी चालते. पण डाळीचे प्रमाण पुरेसे हवे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या दिवसाच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, तर डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आहेत. म्हणजे तीन वाटे धान्याला एक वाटा डाळ. आपल्या वरील हिशेबात हे प्रमाण तीसास एक होते!

ही जोड आपल्या जिल्ह्याला नवी नाही. वेळ अमावस्येला शिवारात जी भज्जी होते, तिच्यात बेसन, ओले हरभरे, वाटाणे, तुरीचे दाणे असे सारे एकत्र शिजते आणि सोबत बाजरीचे उंडे असतात. पूजा कोणी मानो वा न मानो, ते जेवण मात्र पोषणशास्त्राला धरून आहे. हुलग्याचे माडगे आणि शेंगोळे, मटकीची उसळ, ज्वारीच्या पिठात बेसन घालून केलेले धपाटे, घट्ट पिठले, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, हे सगळे याच हिशेबातले पदार्थ होत. काहींनी गरिबीची खूण म्हणून हुलगा सोडला. तो पुन्हा चुलीवर यावा.

विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी १०० ग्रॅम कोरड्या जिनसातील प्रथिनांचे अंदाजे आकडे देतो. तूरडाळ, हरभराडाळ आणि हुलगा प्रत्येकी २२ ग्रॅम, मूगडाळ आणि मसूरडाळ २४, मटकी २०, शेंगदाणे २४, तीळ २२, जवस १८, सोयाबीन ३५ च्या पुढे आणि सोयाबीनच्या वड्या सुमारे ५०.

सोयाबीनबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. आज आपल्या जिल्ह्यात खरिपात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन दिसते. पण पोती भरली की ती थेट बाजारात जातात आणि पिकवणाऱ्याच्या घरात त्याचा दाणाही शिजत नाही. सोयाबीन कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊ नये. त्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे द्रव्य असते, ते उष्णतेने निकामी होते. दाणे रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये चांगले मऊ शिजवावेत आणि उसळीत मिसळावेत. किंवा दाणे नीट भाजून नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळून आणावेत. तेल काढल्यावर उरलेल्या पिठापासून बनणाऱ्या वड्या तर किराणा दुकानात सहज मिळतात. गरम पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-मसाल्यात परतल्या की भाकरीबरोबर चांगल्या लागतात.

आता तोच हिशेब पुन्हा मांडू. पाच भाकऱ्यांचे ३० ग्रॅम. सकाळी ३० ग्रॅम हुलगा किंवा मटकीची उसळ, ६ ग्रॅम. दुपारी ३० ग्रॅम डाळीचे घट्ट वरण, ६ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे, ७ ग्रॅम. रात्री २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची भाजी, १२ ग्रॅम. बेरीज ६१ ग्रॅम. दूध नाही, अंडे नाही, महागडा डबाही नाही.

काही गैरसमज दूर केले पाहिजेत. मोड आणल्याने कडधान्यातील प्रथिने वाढत नाहीत, पचायला मात्र सोपी होतात. उलट मोड आलेले दाणे पाण्याने फुगलेले असतात, त्यामुळे वाटी भरलेली दिसली तरी त्यात कोरडा दाणा थोडाच असतो. डाळीचा गर तळाशी बसतो. म्हणून वाढताना पळी तळातून फिरवावी, वरचे पाणी वाढू नये. आणि महत्त्वाचे म्हणजे, घट्ट डाळ आधी पुरुषांना आणि मुलांना व उरलेले पाणी शेवटी जेवणाऱ्या आई-बहिणीला, ही रीत मोडली पाहिजे. समता सभेत बोलण्याची गोष्ट आहे, तशी स्वयंपाकघरात पाळण्याचीही आहे.

एक इशाराही देणे आवश्यक आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींपासून भरवशाने मिळत नाही. ते कमी पडले तर रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात आणि मज्जातंतूंना इजा होऊ शकते. तेव्हा जे दूधही घेत नाहीत, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी नियमित घ्यावी. त्यात व्रतभंग मुळीच नाही. डाळ-उसळीवर लिंबू पिळावे, त्यामुळे लोह अधिक चांगले शोषले जाते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

शिक्षणासाठी लातूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथे वसतिगृहात राहणाऱ्या आपल्या मुलांना आमचे सांगणे आहे की, खाणावळीचे वरण पातळ असेल तर खोलीत भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे यांचे डबे ठेवा. रात्री मूठभर हरभरे भिजत घाला आणि सकाळी खा. आणि संस्थेच्या सभासदांना विनंती की, वर्षावासात विहारात भोजनदान देताना भात आणि गोड पदार्थाबरोबर एक घट्ट उसळ अवश्य असावी.

शील पाळणारे शरीर सशक्त असावे. सिद्धार्थ गौतमानेही उपासमारीचा मार्ग सोडल्यावरच त्यांना मध्यम मार्ग गवसला. करुणा इतर प्राण्यांवर करावी, तशी ती स्वतःच्या देहावर आणि घरातल्या माणसांवरही करावी, एवढेच आमचे नम्र निवेदन.

नमो बुद्धाय! जय भीम!